सुलतानची रुबाबदार चाल

"मॅडम, तुमच्या सुईनं माझा कुत्रा अधू झाला!"

चौधरी सर दवाखान्याच्या दारातून असे गरजले की बाकाखालची शेळी रवंथ करायची थांबली. माझा जनावरांचा दवाखाना जव्हारला आहे. त्या दिवशी रांग मोठी होती, म्हणजे सरांना प्रेक्षक आयतेच मिळाले. सर मोखाड्याकडच्या एका शाळेत मुख्याध्यापक आहेत. माईकशिवाय बोलायची सवय जुनी.

सरांच्या मागून त्यांची बायको आली, हातात साखळी. साखळीच्या टोकाला सुलतान. वर्षही न झालेला जर्मन शेफर्ड, पण अंगानं रेड्यासारखा. दवाखान्याच्या पायऱ्या तो एक-एक पाय टाकत चढला नाही. मागचे दोन्ही पाय एकदम उचलून त्यानं टुणकन उडी मारली.

"बाय, यो कुत्रा हाय का ससा?" जामसरहून शेळी घेऊन आलेल्या आजीनं विचारलं.

अख्खी रांग हसली. मी मोठ्या कष्टानं गंभीर राहिले. पुस्तकातसुद्धा या चालीला सशाचंच नाव आहे.

"सर, लसीची सुई मी मानेच्या कातडीत दिली होती," मी म्हटलं. "मानेत टोचून मागचा पाय अधू करायची विद्या मला येत असती, तर मी इथं जंताची औषधं वाटत बसले असते का?"

"ब्रीडर स्वतः म्हणाला. पिल्लू त्याच्याकडून निघालं तेव्हा ठणठणीत होतं. तुम्ही फक्त सुईमुळे झालं असं लिहून द्या. तो हा कुत्रा परत घेतो आणि त्याच जोडीचं दुसरं पिल्लू देतो."

"आणि याचं काय करणार?"

सर पंख्याकडे बघू लागले. वहिनी म्हणाल्या, "मी विचारलं होतं, मॅडम. म्हणाला, ते आमच्यावर सोडा." असं म्हणत त्यांनी साखळीचा आणखी एक वेढा मनगटाला दिला.

लंगडा कुत्रा विकला जात नाही आणि न विकला जाणारा कुत्रा ब्रीडर पोसत नाही. खोलीतल्या सगळ्यांना हे कळत होतं. सुलतानला तेवढं कळत नव्हतं. तो माझं टेबल चाटत होता.

गुंगीचं इंजेक्शन देऊन त्याला आडवा केला. मांडी धरून हळूच वर रेटली, मग बाहेर फाकवली. आत टक् असं झालं. दुसऱ्या बाजूलाही तेच. सरांनाही ऐकू गेलं. त्यांनी लगेच विचारलं, "हा आवाज सुईचा?"

मी त्यांना नाशिकला पाठवलं, एक्स-रे काढायला. चार दिवसांनी मोखाड्याला जायचं होतंच, तेव्हा फिल्म बघायला त्यांच्या घरी गेले.

फिल्मवर हिप डिस्प्लेशिया स्पष्ट दिसत होता. तो म्हणजे काय, ते असं. मांडीच्या हाडाचं टोक लिंबासारखं गोल असतं. ते कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत घट्ट बसतं. सुलतानच्या कमरेत वाटीच्या जागी बशी होती. बशीतलं लिंबू कुठं स्थिर राहतंय? दर पावलाला ते घसरतं, हाड हाडाला घासतं, आणि हळूहळू सांधा झिजतो. मोठ्या, झपाट्यानं वाढणाऱ्या जातींत हे जास्त दिसतं. मूळ रक्तात असतं. पण रक्तात असलेलं वाढवायला घरची माणसं भरपूर हातभार लावू शकतात.

चौधरींच्या घरी तर हातभारांचं प्रदर्शनच मांडलं होतं. अंगणापासून स्वयंपाकघरापर्यंत चकचकीत टाइल्स. मीच दोनदा घसरले. सुलतान त्यावर उभा राहिला की मागचे पाय दोन दिशांना जायचे.

"खातो काय?"

"नागलीची, म्हणजे नाचणीची भाकर," सर अभिमानानं म्हणाले. "आपल्या नागलीत कॅल्शियम भरपूर. शिवाय भात, अंडी, कोंबडी. आणि वरून हे."

त्यांनी कपाटातून मोठा कॅन काढला. वरती भरल्या कासेच्या गाईचं चित्र होतं.

"सर, हे दुभत्या गाईचं टॉनिक आहे."

"हाड ते हाड, मॅडम. गाईचं काय, कुत्र्याचं काय!"

"मग संध्याकाळी दूध काढायला बसत जा."

वहिनी पदर तोंडाला लावून आत पळाल्या. मी सरांना सांगितलं, नागलीनं काही बिघडत नाही. पण मोठ्या जातीच्या पिल्लाच्या पोटात वरून कॅल्शियम ओतलं, की हाडांची वाढ नीट होण्याऐवजी बिघडते. अति खाण्यानं वजन वाढतं ते वेगळंच. ते सगळं वजन त्या बशीवर.

"व्यायाम?"

"रोज! मी बाइकवर, हा मागं. चढाचा रस्ता. चार महिन्यांचा होता तेव्हापासून."

"तुम्ही बाइकवर?"

"मग काय, मी पळू?"

अशा वेळी देवानं मला थोबाड बंद ठेवायची शक्ती द्यावी असं वाटतं. तो देत नाही.

"सर, पहिलीतल्या पोराच्या पाठीवर सिमेंटची गोणी देऊन त्याला घाट चढवलात, तर शाळेत काय होईल?"

तरी सरांनी हार मानली नव्हती. "ठीक आहे, माझं चुकलं असेल. मग तर बदलूनच घेतो. नवीन पिल्लाला नीट वाढवीन."

त्याच जोडीचं नवीन पिल्लू! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी लगेच ब्रीडरचा नंबर मागितला, फोन स्पीकरवर टाकला आणि आवाजात भरपूर साखर घोळली. "भैया, आपल्याकडं शेफर्डची पिल्लं आहेत ना? बापाचा कमरेचा एक्स-रे आहे का?"

"एक्स-रे कशाला, ताई? आजारी आहे का तो? चॅम्पियन लाइन आहे. चाल बघा त्याची, व्हिडिओ टाकतो."

व्हिडिओ आला. आम्ही तिघं मोबाइलवर वाकलो. गळ्यात लाल पट्टा घातलेला बाप मैदानात चालत होता. मागचा भाग डावीकडे-उजवीकडे डोलत होता. मग त्याला एका ओट्यावर चढायला लावलं. त्यानं मागचे दोन्ही पाय जुळवले आणि टुणकन उडी मारली.

"बघितलात रुबाब?" स्पीकरमधून ब्रीडर म्हणाला.

सरांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. शाळेतल्या सगळ्यांना त्यांनी सुलतानची चाल अशीच दाखवली होती, याच शब्दांत.

"ही तर आपल्या सुल्याची चाल," वहिनी म्हणाल्या. "बाप, लेक, आणि आता येणारा भाऊ. तिघांनाही मॅडमनीच सुई दिली म्हणा."

ब्रीडरनं विचारलं, "ताई, बुक करू का?"

"करा," मी म्हटलं. "आधी बापाचं ऑपरेशन बुक करा." फोन ठेवला.

सुलतान राहिला. कॅन गोठेवाल्याला गेला. टाइल्सवर जुन्या सतरंज्या पडल्या. खाणं मोजून, दुखण्याची गोळी लागेल तेव्हाच. पोहल्यानं सांध्यावर भार न येता मांड्या घट्ट होतात, म्हणून पाणी असेल तोवर बंधाऱ्यात पोहणं. तो बरा झाला असं मी म्हणणार नाही, बशीची वाटी होत नाही. थंडीत सकाळी उठताना अजून कण्हतो. पुढंमागं ऑपरेशन लागेलही. पण वजन उतरलं, आणि आता तो एक-एक पाय टाकत चालतो.

बाइक बंद. साखळी धरून सपाटीवर सावकाश फिरवायचं, असं मी बजावलं होतं. त्यामुळे सरांना स्वतःच्या पायांनी चालावं लागतं. परवा मोखाड्याच्या रस्त्यावर दिसले. सर कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभे होते आणि सुलतान खाली बसून त्यांची वाट बघत होता. मी गाडी थांबवून विचारलं, "कसं आहे?"

"गुडघा धरलाय मॅडम," सर म्हणाले. "आमच्या घराण्यात नव्हतं हो असं कुणाला."

मोठ्या जातीचं पिल्लू घ्यायचं असेल, तर आधी त्याच्या आईबापाचे एक्स-रे मागा. नसतील तर निदान दोघांना चालायला लावा आणि नीट बघा. ब्रीडरची चाल बघायची गरज नाही, ती फोनवरच कळते.