नलूआत्याच्या मुकुटावरचा फडका

मंडळी, मोडेमची लाइन तुटायच्या आत लिहितो. आज पेणच्या एका मूर्तिकार बाईने माझ्या केमिस्ट्रीतली चूक दाखवली!

रोह्याच्या लॅबमध्ये मी लसीसाठी जिवाणूच्या अंगावरची साखरेची साखळी बनवतो. एकेका साखरेला जोडायला चार-पाच हात असतात. हवा तो मोकळा ठेवायचा, बाकीचे झाकायचे आणि शेवटी झाकणं काढायची. परवा झाकणं धुऊन काढली, तर साखळीची मूळची टोकंही धुऊन गेली. शरीर जिवाणूला ओळखतं तेच मुळी त्या टोकांवरून! पाच महिन्यांची मेहनत पाण्यात.

वैतागून आज सकाळी पेणला माझ्या नलूआत्याच्या गणपतीच्या कारखान्यात जाऊन बसलो. ती मूर्तीला अंगाचा रंग मारत होती. पीतांबरावर खळीने कागद चिकटवलेला, पण सोनेरी मुकुटाला नुसता फडका गुंडाळलेला.

"आत्या, मुकुटाला कागद का नाय?"

"खळ लावली तर कागदाबरोबर सोनंपण निघंल. जे राखायचं हाय, त्याचं झाकण येगळं."

मी सगळीकडे एकाच जातीची झाकणं लावली होती, आणि तीही त्या टोकांच्याच जातीची, म्हणून एकाच धुण्यात दोन्ही गेली!

सगळं सांगितलं, तर आत्या हसली नाही. "माझा पयला मुकुट असाच गेलेला. जेवून जा, नि परत लाग कामाला."

तुम्हाला गुरू कुठे भेटला हो? मी त्याला मोठमोठ्या प्रयोगशाळांत शोधला, आणि तो आमच्याच घरात खळ कालवत बसला होता.