रोज एक शब्द

साक्षगंध झालं आणि होणाऱ्या नवऱ्याकडून मला रोज सकाळी मोबाइलवर एक इंग्रजी शब्द यायला लागला. शब्द साधासुधा नसायचा. मी इंग्रजीत एम.ए. केलेली, तरी निम्म्या शब्दांना कोश उघडावा लागे. सोबत अर्थ आणि पुस्तकांत तो कुठे शोभतो यावर दोन ओळी. ‘लॅम्बेंट’ आला तेव्हा लिहिलं होतं: दिव्याचा मऊ, लवलवता उजेड, जुने लेखक हा शब्द विनोदालाही लावतात, जो उजळतो पण भाजत नाही.

अल्लीपूरच्या घरी मी हे वाचून हरखून जायची. मुलाचं समुद्रपूरला बी-बियाण्याचं दुकान. दिवसभर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, बियाण्याच्या पिशव्या विकणारा माणूस सकाळी असले शब्द शोधतो, याचं मला भारी अप्रूप. मैत्रिणी म्हणायच्या, लोकांना दागिने येतात, तुला डिक्शनरी. मी उत्तरात आवडीनिवडी लिहायची, आणि लग्नाची साडी खरंच मला हव्या त्या मोरपंखी रंगाची आली. समोर भेटला की मात्र तो फारसा बोलत नसे. लिहिणारी माणसं अबोलच असतात, अशी मी स्वतःची समजूत घातली.

लग्न तोंडावर आलं तेव्हा ‘लॅक्यूना’ आला. जुन्या हस्तलिखितात वाळवीने खाल्लेली, वाचता न येणारी जागा. लेखक तो आठवणीतल्या रिकाम्या जागेलाही वापरतात. ते वाचून मी कोणालाच न सांगितलेलं लिहून पाठवलं. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा चेहरा आठवतो, चालणं आठवतं, आवाज मात्र आठवत नाही. आईला हे सांगायची कधी हिंमत झाली नाही. उत्तर आलं, ‘त्या जागी काही लिहू नका. तशीच राहू द्या.’ त्या एका ओळीच्या भरवशावर मी लग्नाला उभी राहिले.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात एका सकाळी आम्ही गच्चीवर होतो. नवरा उन्हाकडे पाठ करून चहा पीत होता, शेजारी नणंद तुरीच्या शेंगा सोलत होती. मी लाडात येऊन म्हटलं, “ॲप्रिसिटी.” हाही त्याच्याकडूनच आलेला शब्द. तो नुसता बघत राहिला. थट्टा करतोय असं वाटून मी पुन्हा म्हटलं. तेव्हा नणंद मान वर न करता म्हणाली, “हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. कोशवाल्यांनी जपला, लेखकांनी टाकला.”

मेसेजमधलं वाक्य, जसंच्या तसं. बोलून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं आणि शेंग तिच्या हातातच राहिली.

नवऱ्याला विचारलं तर त्याला लपवावंसंही वाटलं नाही. “मले कुठं येते एवढं इंग्रजी? तिले शौक आहे, म्हणून तिच्याजवळ मोबाइल देत होतो. त्यात काय झालं?”

झालं काहीच नव्हतं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात जेवून मी तृप्त झाले होते, आणि रांधणारी भलतीच निघाली. हे महाशय आयत्या बिळावर नागोबा. आणि जिच्याशी मी रोज स्वयंपाकघरात पुस्तकांच्या गप्पा मारत होते, तिनेही ताकाला तूर लागू दिली नव्हती. मला दोघांचाही संताप आला. शब्द त्याचे नव्हते, हे एक वेळ गिळलं असतं. पण माझी उत्तरं? ती कोणासाठी लिहिली आणि कोणी वाचली?

दुपारी तो दुकानातून जेवायला आला. मी समोर बसून विचारलं, बाबांच्या आवाजाचं लिहिलं होतं, ते तरी वाचलं होतं का.

“कोणता आवाज?” त्याने बहिणीकडे पाहिलं. “साडीचं, तिखटाचं, सारं सांगतलं तिनं. हे तं मले सांगतलंच नाई.”

ती पोळी वाढता वाढता थांबली. एवढी एकच गोष्ट तिने स्वतःपाशी ठेवली होती. मला फसवणाऱ्या त्या दोघांत माझं गुपित जपलं ते तिनेच, आणि ज्याला सांगते आहे असं समजून मी लग्न केलं, त्याला ते आत्ता, जेवताना कळत होतं. मग मी ते त्याला पुन्हा सांगितलं, तोंडाने. ऐकून त्याने मान हलवली आणि वरण मागितलं.

मी उठले नाही. वरण नणंदेने वाढलं, आणि वाढताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.