बेडकाच्या डोळ्यातली वच्छलाकाकू

दर्यापुरात लग्न कोणाचंही असो, शूटिंगला देवानंदकाकाच. "नवरीचे मामा, इकडं पाहा जी! हसा! हसाले पैसे नाही पडत!" मोबाईल आले नि काकाचं ते राज्य गेलं. आता तो स्टँडजवळ झेरॉक्स काढतो, पण सवय जात नाही. कागद घेऊन आलेल्या माणसालाही म्हणतो, "हनुवटी जराशी वर."

त्याच्या कपाटात अजून एक जाड, फुगीर काच आहे. अकोल्याच्या जुन्या शहरातून आणलेली. कॅमेऱ्याच्या भिंगावर ती फिरवून बसवली की सगळं गोल दिसायचं. पोरं चिडवायची, "देवाभाऊ, कॅमेऱ्याले बेडकाचा डोळा कावून लावला?"

लावला होता बैलांच्या पटासाठी, म्हणजे शर्यतीसाठी. पटावर बंदी यायच्या आधीचं हे. लांबून शूटिंग केलं तर नुसती धूळ यायची. या काचेनं मात्र अगदी जवळ जाऊन, धावपट्टीच्या कडेला पोटावर पडून घ्यायचं, आणि झूमला हात लावायचा नाही. पहिल्या वर्षी लग्नाच्या सवयीनं काकाचं बोट झूमवर गेलंच. अख्खी कॅसेट ताकासारखी धूसर! दुसऱ्या वर्षी त्यानं झूमच्या बटणावर सरळ चिकटपट्टीच मारली.

परवा उत्तमराव दुकानात आले. बैलांचा नाद असलेला माणूस, पण त्या दिवशी बैलांचं नावही काढलं नाही.

"देवा, वच्छीचा फोटो पाहिजे. वर्षश्राद्ध आलं."

"आधार कार्डावरचा मोठा करून देऊ का, भाऊ?"

"थे माही वच्छी नाही. पकडून आणलेली बाई वाटते."

खरंच होतं. कॅमेरा दिसला की त्यांच्या बायकोचा, वच्छलाकाकूचा, पदर नाकापर्यंत. काकानं लग्नाच्या साऱ्या कॅसेटी लावून पाहिल्या. पदर, पदर, पाठ, पुन्हा पदर. उत्तमराव टोपी हातात घेऊन बसून राहिले. आणि एकदम काका ओरडला, "अरे बाप्पा! पटात वहिनी माह्याजवळच उभी होती ना!"

मग तो दोघांचेही आवाज काढून सांगायला लागला. काकूनं तेव्हा विचारलं होतं, "भाऊजी, मी त्यात येत नाही ना?" आणि यानं जमिनीवरूनच सांगितलं होतं, "कॅमेऱ्याचं तोंड तिकडं आहे, वहिनी. बिनधास्त राहा." बेडकाला बाजूचंही दिसतं, हे दोघांनाही सुचलं नाही.

जुनी कॅसेट फुंकर मारून लावली. पडद्यावर आडव्या रेघा. काका देवाचं नाव घेऊन राहिला. मग दूरवर जोडी दिसली, लाडवाएवढी. बघता बघता हत्तीएवढी झाली, छकडा हाकणारा त्यांचा पोरगा शेखर दिसला, आईवर गेलेला, आणि उजव्या कडेला, चंद्रकोरीसारखी वाकलेली वच्छलाकाकू! पदर खांद्यावर, दोन्ही हात वर, तोंड उघडं. "हाण रे शेखर! हाण माह्या वाघा!"

झेरॉक्सचं मशीन मागं घरघरत होतं.

काका नाक ओढत म्हणाला, "भाऊ, कॉम्प्युटरवर तिले सरळ करून देतो."

"राहू दे. पटात थे सरळ उभी राहिली कधी?" उत्तमराव खुर्ची पडद्याजवळ ओढून बसले. "पुन्हा लाव."

काका कॅसेट मागं घ्यायला लागला, जोडी सुटते तिथपर्यंत.

"इतकी मांगं नको," उत्तमराव म्हणाले. "बैल जाऊ दे. तिच्यापासून लाव."