साडूंची रॅम आणि एक टेबलफॅन

आमच्या साडूंइतका सावध आणि त्यांच्याइतका बेफिकीर माणूस अख्ख्या खालापूर तालुक्यात सापडायचा नाही, आणि हे दोन्ही ते एकाच दिवशी असतात. मोहोपाड्याच्या कारखान्यात पाळीवर असताना कुठल्याही काट्याला ते लाल रेघेच्या आसपास फिरकू देत नाहीत. घरी येऊन चहा झाला, की हाच गृहस्थ कॉम्प्युटरच्या रॅमला, म्हणजे त्याच्या स्मृतीच्या पट्टीला, तिच्यावर छापलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायला बसतो. थोडा वेग वाढवायचा, थोडं व्होल्टेज वाढवायचं, मशीन निळा पडदा दाखवून गपगार झालं की ते मूळ वेगावर यावं म्हणून आतला सेल काढून परत बसवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एवढ्या वेगाचं ते करतात काय? विजेचं बिल बघतात आणि पत्ते खेळतात. मी हे तोंडावर बोललो, तर म्हणाले, "साडू, तुमी दर वर्साला राजमाची चढता. वर काय दुकान हाय तुमचं?"

वेग कुणीही वाढवेल, तो टिकवणं हे खरं काम, असं त्यांचं मत. त्यासाठी आठ-आठ तास तपासणीचा प्रोग्रॅम चालतो. विजेचा दाब हलू नये म्हणून तेवढा वेळ घरात मिक्सर बंद, इस्त्री बंद, आणि माझी मोठी मेहुणी खलबत्त्यात चटणी कुटत नवऱ्याचा उद्धार करते. घरातला एकुलता एक टेबलफॅन कॉम्प्युटरच्या उघड्या डब्याकडे तोंड करून असतो, पाहुणे गेले उडत. "माणसाला उकडलं तर तो बोलतो, रॅम बिचारी बोलत नाय." माणसंही ते याच मापाने तोलतात. मुलीला स्थळ आलं तेव्हा त्या मुलाला सकाळी नऊला बोलावून संध्याकाळपर्यंत सोडलंच नाही. मुलगा पास झाला.

सासरे गेले त्या वर्षीच्या मे महिन्यात सासूबाई शेलूहून त्यांचा जुना फोन घेऊन आल्या. सासऱ्यांचा आवाज असलेला एकच व्हिडिओ त्यात होता, सासूबाईंनीच काढलेला: शेतात साडू पॉवर टिलर चालवताहेत आणि सासरे बांधावरून ओरडताहेत. फोन शेवटच्या घटका मोजत होता. "एवढं जपा, जावई," त्या म्हणाल्या. साडूंनी व्हिडिओ कॉम्प्युटरवर उतरवायला लावला आणि ते चहा आणायला आत गेले. मी घामाने निथळत होतो. पंखा हळूच माझ्याकडे वळवला, आणि पावलं वाजताच परत जागेवर. साडूंनी व्हिडिओची सुरुवात लावून बघितली, ठीक होती. मग फोनमधलं सगळं पुसून टाकलं.

वर्षश्राद्धाला सगळे साडूंकडे जमलो तेव्हा सासूबाईंनी तो व्हिडिओ मागितला. सासरे दिसले, हात हलवत ओरडले, "हळू घ्या जावई, घाई कुनाला हाय?" आणि पुढे पडदाभर नुसते हिरवे चौकोन. साडूंनी तीनदा लावून बघितला. चौकोन तिथेच.

"आई, चूक माजी," साडू म्हणाले. "मीच मशीन काठावर पळवत व्हतो, उतरवतानाच बिघडलं."

माझ्याच्याने राहवेना. मी पंख्याचं सांगून टाकलं. आता हा माणूस आपल्याला कायमचा तोडणार, असं वाटलं. ते म्हणाले, "पंखा फिरला म्हनून जे पडतं, ते स्टेबल नव्हतंच, साडू."

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. "हाय तेवढं परत लावा," म्हणाल्या, आणि तेवढाच तुकडा त्यांनी चार वेळा बघितला.

त्या दिवसापासून रॅम छापील वेगाने चालते. मिक्सर केव्हाही लागतो. साडूंची टिंगल करायला मला काही उरलेलं नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. परवा गेलो तर पंखा माझ्या खुर्चीकडे तोंड करून ठेवलेला. मी उठलो आणि तो डब्याकडे वळवला. आम्ही दोघं घाम पुसत बसून राहिलो.