अक्कांचं बिनफोडणीचं वरण

अक्का मौतीच्या घरात शिरल्या की आधी माणसांकडे बघत नसत. चपला दारात काढायच्या, थेट स्वयंपाकघरात जायच्या आणि चुलीवर, नाहीतर गॅसच्या शेगडीवर, तळहात ठेवायच्या. गार लागली की तिथंच खाली बसून फडकं सोडायच्या. फडक्यात ज्वारीच्या भाकरी, पितळी डब्यात बिनफोडणीचं वरण. ज्या घरात माणूस गेलं, तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे जेवण आणतात, त्याला कडू घास म्हणतात. फोडणी का नाही, असं कुणी विचारलं तर अक्का म्हणायच्या, "फोडणीचा वास गल्लीभर जातो. मौतीच्या घरातून तसला वास जाऊ नाही."

पण अक्का कुणाच्या शेजारी नव्हत्या. त्या साहेबांच्या पत्नी होत्या. लातूरचे साहेब, शेतकऱ्यांच्या पैशावर उभा राहिलेला साखर कारखाना ज्यांनी आधी बुडवला आणि मग पुतण्याच्या नावानं विकत घेतला, ते. माझे बाबा नांदेडला छोटा छापखाना चालवायचे आणि त्या कारखान्यावर पत्रकं काढायचे. शाळेतून आलं की घड्या घालणं माझं काम. वाचायलाही मी त्या पत्रकांवरच शिकले. 'लाडू'च्या आधी मला 'लूट' लिहिता येत होतं. साहेबांच्या माणसांनी बाबांवर खंडणीचा खोटा गुन्हा घातला. बाबा तुरुंगातून सुटले ते खोकला घेऊनच, आणि तो खोकलाच पुढे त्यांना घेऊन गेला.

बाबा गेले त्या दुपारी अक्का आमच्या गल्लीत आल्या. गाडी लांब कोपऱ्यावर उभी करून, डबा कमरेवर घेऊन. मी दारात आडवी उभी राहिले.

"तुमच्या साहेबांनी माझ्या बापाला तुरुंगात घातलं. आणि तुम्ही भाकरी घेऊन आलात?"

"घातलं," अक्का म्हणाल्या. "मला ठाऊक हाय."

त्या नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. मग भांडता आलं असतं.

"भाकर त्येंच्या घरची न्हाई, पोरी. ज्वारी माझ्या माहेरची हाय, उदगीरकडली."

"आणि लातूरहून इथं आलात ते काय शेजारीण म्हणून?"

"शेजार काय भिंतीनंच असतो का?"

माझ्या हाताखालून त्या आत गेल्या. शेगडी चाचपली. आईपुढे बसून घास मोडला, तिच्या तोंडाशी धरला आणि माहेरच्या कानडीत म्हणाल्या, "उण्णव्वा." जेव, बाई. आई जेवली. मी जेवले नाही. त्या संध्याकाळी बाबांच्या फोटोपुढे मी शपथ घेतली, साहेबांच्या घराचा उंबरा कधी शिवणार नाही.

पुढे विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला असताना मी पहिलं पत्रक लिहिलं, तेच अक्कांवर. 'भाकरी अक्कांची, मतं साहेबांची.' बिलोलीपासून निलंग्यापर्यंत ज्या घरी अक्का जेवण नेतात, त्या घराची जीभ साहेबांच्या विरोधात उचलत नाही. नवरा लुटतो, बायको डोळे पुसते, असं मी लिहिलं होतं. पत्रक गाजलं. आणि एके दिवशी कॉलेजच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर अक्का येऊन बसल्या. हातात माझं पत्रक.

"चांगलं लिहिलीस. खरंच हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या भाकरीवर त्येंला मतं पडतेत. मग काय करू? मौतीच्या घरी जाऊ नको? तू सांग, मी ऐकते."

"आधी साहेबांना सांगा, कारखाना शेतकऱ्यांना परत करा."

"सांगते की. रोज सांगून राहिले."

"मग?"

"ते पेपर वाचून राहतेत."

टपरीवाला खो-खो हसला. अक्काही हसल्या. मी चिडून म्हणाले, "मग सोडा अशा माणसाला."

अक्कांनी चहा संपवला, पत्रकाची घडी केली. "सोडते. माहेरी ज्वारी हाय माझी, उपाशी न्हाई मरत. पण त्यानं कारखाना परत मिळंल का, ते लिही पुढच्या पत्रकात."

ते पत्रक मी अजून लिहू शकलेले नाही.

त्यानंतर अक्कांनी साहेबांना सोडलं नाही, गाडी मात्र सोडली. पदर कपाळावर ओढून एसटीनं जायला लागल्या, कुणी ओळखू नये, भाकरीवर मतं पडू नयेत म्हणून. माहूरच्या गाडीत कुणीतरी मोबाईलवर त्यांचा फोटो काढलाच. साहेबांच्या पत्नी, दांडीला धरून उभ्या, हातात डबा. निवडणुकीत तो फोटो चौकाचौकात लागला आणि साहेब पुन्हा निवडून आले. अक्कांचा फोन आला, "बघ पोरी, तुझं ऐकलं." त्या हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. भलं माणूस लुटारूच्या घरात राहून भलं करत राहिलं, तर त्यानं नक्की कुणाचं भलं होतं? हा प्रश्न मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

मागच्या महिन्यात अक्का गेल्या. मोबाईलवरची बातमी मी आईला वाचून दाखवली. ती उठून पीठ मळायला बसली.

"चल, लातूरला."

"आई, त्या बंगल्यात चार स्वयंपाकी आहेत."

"असू दे. कडू घास कोण नेईल?"

"मी शपथ घेतलीय."

"तू घेतलीस. मी जेवलेय." तिनं भाकरी तव्यावर टाकली, शेजारी वरण शिजत होतं. "गुडघे नसते दुखत तर एकली गेले असते."

लोहा, अहमदपूर, चाकूर. तीन गावं मागे पडली, डबा आईच्या मांडीवर. बंगल्यापुढच्या मांडवात चहाबिस्किटं फिरत होती. कार्यकर्ते अक्कांच्या पुतळ्याचं बोलत होते. हातात पुस्तक द्यावं की दिवा, यावर वाद चालला होता. फाटकावरच्या पोरानं सांगितलं, "फुलं तिकडं ठेवा, मावशी."

"फुलं न्हाईत. भाकर हाय."

त्यानं फाटक सोडलं. उंबऱ्याशी माझे पाय अडले. आईनं मागे वळूनही पाहिलं नाही, नुसता डबा मागे धरला. तो घ्यायला मला पाऊल आत टाकावं लागलं.

आई थेट स्वयंपाकघरात गेली. शेगडीवर हात ठेवला. गार. मग ती बाहेर दिवाणखान्यात साहेबांपुढे खाली बसली.

"कोण तुम्ही?"

"नांदेडच्या छापखानेवाल्याची बायको."

साहेबांनी मान वर केली. त्यांना आठवलं. ते दिसलं.

"मग कशाला आणलंत हे?"

"तुमच्यासाठी न्हाई. अक्कासाठी." तिनं घास मोडून पुढे धरला. "खा."

साहेबांनी घास घेतला, चावला.

"बेचव आहे," ते हळूच म्हणाले. "असलंच न्यायची का ती लोकांना?"

"हाव. बिनफोडणीचं."

इतकी वर्षं त्यांना ते वरण मतं देत आलं होतं, आणि त्याची चव त्यांना आज कळत होती.

तेवढ्यात बाजूच्या एका कार्यकर्त्यानं मोबाईल उचलला. विरोधकाची विधवा साहेबांना भरवतेय. असा फोटो त्याला पुन्हा कुठं मिळणार? मी मध्ये गेले आणि कॅमेऱ्यावर हात ठेवला.

"फोटो नाही."

"ताई, अक्कांची आठवण म्हणून काढतो."

"म्हणूनच नाही."

त्यानं साहेबांकडे पाहिलं. साहेब मान खाली घालून चावत होते. मी हात काढला नाही. आईनं दुसरा घास मोडला.