बिनचालीचं गाणं

प्रभूची गाणी मी लिहितो, पण मला गाता येत नाही. माझा आवाज म्हणजे लोखंडावर कानस. पिंप्राळ्यात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की खडूनं पत्र्यावर ओळी लिहायच्या आणि संध्याकाळी बायकोला वाचून दाखवायच्या. ती पिंपळनेरकडची. लग्नातल्या, जात्यावरच्या कितीतरी चाली तिच्या गळ्यात. तिनं चाल लावली की मगच माझ्या ओळींना जीव यायचा. आमच्या ख्रिस्ती मंडळीतले लोक म्हणायचे, "भाऊ, काय गाणं लिहिलं!" आणि मी फुगायचो.

मी मारकुटा होतो, सरळच सांगतो. बाप्तिस्मा घेतला, दारू सोडली, पण हात सुटायचा तो सुटतच राहिला. "आता मारलं तर माहेरी जाईन," असं तिनं बजावलं होतं.

त्या शुक्रवारी ती ओट्याशी कांदा चिरत होती. मी नवं गाणं वाचलं : 'देवा, माझा राग जाळून टाक.' ती म्हणाली, "ही ओळ खोटी आहे. मी नाही गाणार."

बस्स! डोकंच सणकलं. मला खोटा म्हणते? उलट्या हातानं असा तडाखा दिला की ती ओट्यावर तोंडघशी आदळली. पुढचा दात पडला. कांद्यावर रक्त सांडलं. तरी मी ओरडतच होतो, वर एक लाथ घातली. हातात देवाचं गाणं धरून लाथ घातली हो! आज लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग नेहमीसारखा रडलो. रडतरडत तासाभरात दुसरं गाणं लिहिलं : 'प्रभो, क्षमा कर.' आजवरचं सगळ्यात झकास, म्हणून माझी मीच पाठ थोपटली. तिनं ओटा पुसून भाकरी टाकली. मला वाटलं, मिटलं.

आमच्या मंडळीत नवं गाणं म्हणण्याआधी लिहिणाऱ्यानं साक्ष द्यायची असते. रविवारी क्षमेचं गाणं घेऊन मी उभा राहिलो; चाल ती उभ्याउभ्या लावेल, हे मी गृहीतच धरलं होतं. "पूर्वी मी फार रागीट होतो, प्रभूनं मला बदललं." सगळे म्हणाले, हालेलूया. पाळकांनी तिला गायची खूण केली. बायकांमध्ये ती तोंडाला पदर लावून बसली होती. ती उठली आणि पदर सोडला. ओठ काळानिळा, दाताच्या जागी खिंडार. ढोलकीवाल्याचा हात थांबला.

ती गायली नाही. मंडळीत कधी अहिराणी न बोलणारी ती मला म्हणाली, "तुम्ही देवजोडे माफी काय मांगतस? दात काय त्याना पडना?" देवाजवळ कसली माफी मागता, दात काय देवाचा पडला, असं विचारत होती ती.

आधी तिच्या अंगावर धावून जावंसं वाटलं, हेही सांगतो. मग पळून जावंसं वाटलं. म्हणालो, "मी मारलं हिला. परवा. लाथही घातली." कुणी हालेलूया म्हटलं नाही. तिच्याकडे वळलो. इतकी गाणी लिहिली मी, पण "चुकलं माझं" हे तिला पहिल्यांदाच म्हणालो.

ती त्याच दुपारी बसनं माहेरी गेली. वर्षभरानं भावाला घेऊन परतली, ते बजावूनच : पुन्हा हात उठला तर थेट पोलिसात. तो उठलेला नाही.

आता ती माझी गाणी गाते, पण आधी स्वतः वाचून घेते. दाताच्या फटीतून हवा सुटते, ती मला ऐकू येते. क्षमेचं ते गाणं मात्र पत्र्याच्या पेटीत तसंच पडून आहे. परवा भीतभीत विचारलं, "लावतेस का त्याला चाल?"

"आजून नई," ती म्हणाली आणि कांदा चिरायला घेतला.