पडद्यामागून शिकलेला नाच

तो नाचाचा सिनेमा शहरात पुन्हा लागलाय, हे शेजारच्या वहिनींनी गॅलरीतून सांगितलं तेव्हा माझ्या हातावर थापलेलं थालीपीठ होतं. ते तव्यावर टाकायचं सोडून मी तशीच उभी राहिले. वय साठीला टेकलेलं, गुडघे कुरकुरणारे, पण कानात वारं शिरलं ते शिरलंच.

"जायाचं का?" वहिनींनी विचारलं.

"विचारता काय. उद्याच जाऊ," मी म्हणाले.

हा सिनेमा मी पहिल्यांदा बघितला तो बजाजनगरात नव्यानं राहायला आलो तेव्हा. नवरे कंपनीत, बायका दोन खोल्यांच्या संसारात, सगळेच आपापल्या गावाहून उठून आलेले. गणपतीत कॉलनीच्या मैदानावर दोन बांबूंना पांढरं कापड बांधून सिनेमा दाखवायचे. पुरुष पडद्याच्या पुढं बसायचे, बायका पडद्याच्या मागं. गावाकडचीच रीत, ती कुणी ठरवली नव्हती आणि कुणी मोडलीही नाही. कापड पातळ होतं, मागूनही चित्र छान दिसायचं. फक्त उलटं दिसायचं, डावीकडचं उजवीकडं. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. सुरुवातीची नावं वाचली असती तर कळलं असतं, पण भांडी आवरून आम्ही पोचायचो तोवर नावं संपलेली असायची.

त्यामुळं आमचा हिरो डावखुरा होता. "डाव्या हातानं जेवतो, तरी किती गोड दिसतो मेला," असं वहिनी म्हणायच्या. हिरॉईनचा पदर उजव्या खांद्यावर. ही नवी फॅशन असणार म्हणून कॉलनीतल्या दोघीतिघींनी तसा पदर घेऊनही बघितला आणि झाडू मारताना त्यात पाय अडकवून घेतले.

गोष्ट साधी होती. थंड हवेच्या गावातल्या एका हॉलमध्ये दोघं नाचता नाचता प्रेमात पडतात. घरच्यांपायी ताटातूट होते. केस पांढरे झाल्यावर त्याच हॉलमध्ये भेटतात आणि तोच नाच पुन्हा नाचतात. दोन पावलं बाजूला, एक गिरकी, पदराचं टोक झटकून थांबायचं. एवढंच. पण त्या सिनेमात प्रेम कुणी बोलून दाखवत नाही, नाचून दाखवतात. आमच्या घरी बोलूनही नव्हतं आणि नाचूनही नव्हतं, म्हणून मला तो जास्तच आवडला असावा. मंडळानं दुसरा सिनेमा आणला की आम्ही बायका इतकी कुरकुर करायचो, की पुढच्या गणपतीला पुन्हा तोच यायचा.

नाच आम्ही सगळ्याच शिकलो. हळदीत, मंगळागौरीत, कुणाच्या बारशात. सगळ्या मागूनच शिकलेल्या, त्यामुळं सगळ्या एकाच बाजूला जायच्या आणि चूक कधी कळलीच नाही. मी तर ओट्यापाशी पोळ्या लाटतानाही दोन पावलं टाकून घ्यायची. यांचं डोकं तेव्हा पेपरात असायचं. धाकट्या दिराच्या वरातीत सगळे नाचून घामाघूम झाले आणि हे कडेला उभे, नाचणाऱ्यांची घड्याळं आणि चष्मे सांभाळत. मला आयुष्यात फार काही नको होतं. यांनी एकदा, फक्त एकदा, माझ्याबरोबर ती दोन पावलं टाकावीत, एवढीच हौस होती. मी म्हणायची, "अहो, चला की." हे म्हणायचे, "बघू." ते बघू मी पोरं मोठी होईपर्यंत ऐकलं.

तर दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला वहिनी, मी आणि हे असे तिघं निघालो. मी मोरपिशी साडी नेसले. यांनी निवृत्तीच्या समारंभातला शर्ट घातला, का ते मी विचारलं नाही. थेटरात कॉलेजच्या पोरी भरलेल्या. त्यांच्या आयांनीही तेव्हा शाळा सोडली नसेल, पण गाणी मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

ते गाणं सुरू झालं आणि पोरी धावत पडद्यापुढं गेल्या. मीही गेले. गुडघ्यांना म्हटलं, आता गप बसा. ढोलकीचा ठेका आला, मी उजवीकडं दोन पावलं टाकली आणि एका पोरीवर धडकले, कारण बाकी सगळ्या डावीकडं गेल्या होत्या.

"काकू, इकडून जायचं," ती हसून म्हणाली.

मी वर बघितलं. हिरॉईन डावीकडं जात होती. पदर डाव्या खांद्यावर, चारचौघींसारखा. आणि हिरो उजव्या हातानं तिला बोलावत होता. मैदानावरचं ते पांढरं कापड डोळ्यांपुढं आलं आणि सगळा उलगडा झाला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं अंगण खरंच वाकडं होतं, तरी मी खट्टू झाले. इतकी वर्षं उलटं नाचले, सगळ्यांदेखत. जागेवर जाऊन बसावं म्हणून वळले.

तर मागं हे उभे. चष्मा आणि घड्याळ वहिनींच्या मांडीवर ठेवून आलेले. ठेका आला तसं उजवीकडं दोन पावलं टाकली, जड अंगानं एक गिरकी घेतली आणि नसलेला पदर झटकून थांबले. माझ्यासारखंच, पोरींच्या बरोबर उलटं.

"अहो, तुम्ही तर पडद्याच्या पुढं बसायचात," मी म्हणाले. "तुम्हाला सरळ दिसलं असंल की."

"मला कुठं ध्यानात ऱ्हातंय पडद्यावरचं," हे म्हणाले. "तू ओट्याशी नाचायचीस. तुझ्या मागं बसून तेवढंच बघितलं."

तेवढ्यात दुसरं कडवं आलं. पोरी डावीकडं गेल्या आणि आम्ही दोघं उजवीकडं.